तीन दरपत्रके आणि एक चूक

गोष्ट १९९८ सालची, पावसाळा तोंडावर आला असतानाची. माळव्यातल्या एका तहसिलीच्या गावी शासकीय शाळेत मी तेव्हा शिक्षक होतो. मराठीत एम. ए. करून हिंदी शिकवणे हे आमच्या इकडच्या मराठी माणसाचे जुनेच प्राक्तन. ते मीही आनंदाने पत्करले होते. शाळेच्या ग्रंथालयासाठी लोखंडी कपाटे आणि वीस खुर्च्या घेण्यास त्या वर्षी मंजुरी मिळाली. नियमाप्रमाणे खरेदी समिती नेमली गेली. तीत मुख्याध्यापक होते, एक ज्येष्ठ शिक्षक होते, आणि नवखा व म्हणून निरुपद्रवी असा तिसरा सभासद मी.

तीन दुकानांची दरपत्रके आली. पहिल्याने कपाटाचा दर ३,१५० रुपये लिहिला होता, दुसऱ्याने ३,२७५, तिसऱ्याने ३,४००. तीन वेगळी नावे, तीन वेगळ्या रस्त्यांचे पत्ते, तीन रंगांचे छापील मथळे. तुलनात्मक तक्ता बडे बाबूंनी आधीच तयार करून ठेवलेला. सही करण्यासाठी लेखणी उघडली आणि सवयीने मी ती पत्रे वाचू लागलो. भाषेच्या शिक्षकाला ही एक खोडच असते. लग्नपत्रिका हाती आली तरी तो आधी शुद्धलेखन पाहतो. पहिल्या पत्रात लिहिले होते, 'उच्च गुणवंता का फर्नीचर'. 'गुणवत्ता' या शब्दाऐवजी 'गुणवंता'! मला हसू आले. कपाटाला कोणी 'हे गुणवंता' अशी हाक मारीत आहे असे वाटले. दुसरे पत्र उघडले. त्यातही 'गुणवंता'. तिसऱ्यात पुन्हा तेच.

हसू तिथेच ओसरले. तीन दुकाने तीन रस्त्यांवर असू शकतील, पण ही चूक एकाच हाताची होती.

मी बडे बाबूंकडे पाहिले. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला चार वर्षे राहिलेली, घरी तीन मुली. ते इतकेच म्हणाले, "सर, कागज तो पूरा है ना?" कागद खरोखरच पूर्ण होता. तीन दरपत्रके हवी होती, तीन होती. सर्वांत कमी दर निवडायचा होता, तो निवडलेला होता. नियमाच्या कोणत्याही कलमाने शुद्धलेखनाच्या चुकीचा विचार केलेला नव्हता. मी सही केली.

कपाटे आली. वरचा पत्रा इतका पातळ होता की हाताने दाबला तर खळगा पडे. त्या वर्षी ग्रंथालयाच्या खोलीचे छप्पर गळले, कपाटाच्या सांध्यांतून पाणी आत शिरले, आणि चार दिवसांच्या सुट्टीनंतर आम्ही दार उघडले तेव्हा खालच्या दोन खणांतली पुस्तके फुगून एकमेकांना चिकटली होती. ती उन्हात वाळत घालताना मुलांनी मला विचारले, "सर, नवे कपाट असून असे कसे झाले?" साठा नोंदवहीत त्या पुस्तकांपुढे 'नैसर्गिक आपत्तीने खराब' असा शेरा पडला. तोही कागद पूर्ण झाला.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे की, गेल्या वीस-बावीस वर्षांत सरकारी खरेदीचा कागद हळूहळू संगणकाच्या पडद्यावर गेला आहे. निविदा आता लाखेने बंद केलेल्या लिफाफ्यात येत नाही. ती तारांवरून येते. यामुळे भ्रष्टाचार संपला असे काही जण सांगतात, आणि यात काही अर्थ नाही, चोर तेच आहेत, फक्त हत्यार बदलले आहे, असे दुसरे म्हणतात. मुख्याध्यापक म्हणून दोन्ही काळांतल्या खरेदीच्या कागदांवर माझ्या सह्या आहेत. तेव्हा या प्रश्नाकडे वर्तमानपत्रातल्या मथळ्यांपेक्षा थोडे जवळून पाहावे असे वाटले.

राज्यकर्त्याने वस्तू घ्यावी कशी, हा प्रश्न काही नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत, आणि पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही तसेच अधिकाऱ्याचे आहे, असा दाखलाही तिथे आहे. आपल्या घरचे उदाहरण म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, इ. स. १७१५ च्या सुमाराचे. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, एखादे झाड जीर्ण होऊन निकामी झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच ते न्यावे, असा त्यातला आशय आहे. सरकारी खरेदीचे सारे नीतिशास्त्र त्यात आले आहे, असे मला वाटते. वस्तू गरजेची असावी, मोल वाजवी असावे, आणि ज्याच्या जिवावर हा व्यवहार चालतो त्या रयतेला तो दिसावा.

परंतु दिसावा कसा? इथेच सगळे घोडे अडत आले आहे. जुन्या पद्धतीत निविदेची एक लोखंडी पेटी कचेरीच्या व्हरांड्यात ठेवलेली असे. कागदोपत्री ती सर्वांसाठी खुली. प्रत्यक्षात, निविदेचा छापील अर्ज कचेरीतूनच विकत घ्यावा लागे आणि नको असलेल्या माणसाला 'अर्ज संपले' असे उत्तर मिळे. सूचना अशा पत्रात छापली जाई की ज्याचे अंक त्या पत्राच्या संपादकाखेरीज कोणी पाहिलेले नसत. एवढे करूनही कोणी परका कंत्राटदार आलाच, तर शेवटच्या दिवशी पेटीच्या आसपास चार धट्टेकट्टे तरुण उगाच उभे असत. स्थानिक कंत्राटदार आपसांत बसून हे काम तुझे, पुढचे माझे, असे ठरवून घेत. याला त्यांच्या भाषेत 'रिंग करणे' म्हणतात. ज्याची पाळी त्याने दर भरायचा, बाकीच्यांनी त्याहून थोडे चढे दर भरून शोभा आणायची. माझ्या तीन दरपत्रकांची जिल्ह्याच्या पातळीवरची आवृत्तीच ती.

या पेटीला पहिला मोठा धक्का दिला तो हैदराबादने. तेव्हाच्या एकत्रित आंध्र प्रदेशाने २००३ साली सरकारी निविदा संगणकावर घेण्यास आरंभ केला. कर्नाटकाने १९९९ मध्येच सरकारी खरेदीतील पारदर्शकतेचा कायदा केला होता. तिथे संगणकावरील निविदा २००७ पासून आल्या. पुढे इतर राज्ये आणि केंद्र त्याच वाटेने गेले. ९ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र सरकारने 'जेम' या नावाने ओळखली जाणारी सरकारी ई-बाजारपेठ उघडली, आणि पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर २०१७ ला, केंद्राच्या खरेदीचे दर पिढ्यान्पिढ्या ठरविणारे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय बंद करण्यात आले. २०२३-२४ या एका वर्षात जेमवरची खरेदी चार लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली.

यंत्राची रचना समजायला फारशी अवघड नाही. अर्ज संगणकावरच असल्यामुळे 'संपले' म्हणण्याची सोय राहिली नाही. कंत्राटदार आपल्या घरी बसून दर भरतो, त्यामुळे व्हरांड्यातल्या तरुणांना काम उरले नाही. भरलेला दर गुप्त लिपीत बंद होतो. ठरलेल्या वेळेला, नेमलेल्या अधिकाऱ्यांनी आपापल्या किल्ल्या लावल्याखेरीज तो उघडत नाही. बँकेतल्या तिजोरीला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात, तसेच हे. शिवाय कोण केव्हा आत आले, कोणी काय उघडले, याची नोंद यंत्र आपली आपण ठेवते. जुन्या कचेरीतले आवक-जावक रजिस्टर मागच्या तारखेने लिहिता येत असे. या नोंदीचे तसे करणे सोपे नसते.

मग याने साधले काय? लोकांची समजूत अशी की दर उतरले असतील. चार अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक कामांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दर उतरल्याचा पुरावा मिळाला नाही. पण दुसरे काही मिळाले. बाहेरगावच्या कंत्राटदाराला काम मिळण्याचे प्रमाण वाढले होते, भारतात रस्त्यांचा दर्जा सुधारलेला दिसला, आणि इंडोनेशियात कामांचा विलंब कमी झाला होता. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो. आपण सरकारी खरेदीत नेहमी पैशाचाच हिशोब करतो. 'सर्वांत कमी दर' हा आपला जपमंत्र होऊन बसला आहे. माझ्या कपाटाचा दर सर्वांत कमीच होता! प्रश्न पत्र्याच्या जाडीचा होता. रिंगच्या पद्धतीत ज्याची पाळी त्याला काम मिळे, मग ते त्याला येवो वा न येवो. रिंग ढिली झाली आणि दूरच्या पण कसबी माणसाला आत येता आले, तर पैसा तेवढाच लागूनही रस्ता जरा बरा होतो. ही प्राप्ती लहान नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. आणि ती आमच्याच राज्यातली आहे, तेव्हा सांगताना संकोच वाटतो. २०१८ साली मध्य प्रदेशच्या जल निगमाच्या निविदांत असे आढळले की, बंद असलेल्या दरांत उघडण्यापूर्वीच फेरफार झाला होता. गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या, शेकडो कोटींच्या योजना होत्या त्या. निविदा रद्द कराव्या लागल्या. एप्रिल २०१९ मध्ये राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला आणि चौकशीचे क्षेत्र जल निगमाच्या पलीकडे इतर खात्यांच्या निविदांपर्यंत गेले. दोष कोणाचा हे ठरविणे न्यायालयाचे काम. तो आपला विषय नव्हे. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे ते हे की, ज्या कुलुपावर आम्ही सारे विसंबलो होतो ते न फोडता आतली चिठ्ठी बदलता येते, हे त्या वर्षी कळले. लिफाफ्याची लाख फुटली तर शिपायालाही दिसे. ही लाख फुटलेली ओळखायला तज्ज्ञ लागतो.

पण ती ओळखली गेली, हेही तितकेच खरे. यंत्राच्या पोटात नोंदी होत्या आणि त्या वाचणारे कोणी तरी निघाले, म्हणूनच निविदा रद्द झाल्या.

याहून मला जवळची वाटली ती छत्तीसगढची हकिकत. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. लेखापरीक्षकांनी राज्याच्या ई-खरेदी यंत्रणेतील नोंदी तपासल्या होत्या. निविदा कोणत्या संगणकावरून चढविली गेली आणि तिला उत्तर म्हणून आलेले दर कोणत्या संगणकावरून आले, याची त्यांनी ताडून पाहणी केली. तेव्हा दिसले ते असे. सतरा खात्यांच्या १,९२१ निविदांत, ज्यांची एकूण किंमत ४,६०१ कोटी रुपये होती, अधिकाऱ्यांनी वापरलेले ७४ संगणक आणि दर भरणाऱ्यांनी वापरलेले संगणक एकच होते. म्हणजे ज्या मेजावरून प्रश्नपत्रिका निघाली, त्याच मेजावर बसून उत्तरपत्रिका लिहिली गेली होती. शिक्षकाला यापेक्षा सोपे करून सांगण्याची गरज नाही.

ही बातमी वाचली त्या सकाळी मी चहा तसाच ठेवून बराच वेळ बसून राहिलो. घरातून विचारणा झाली, "काय झाले?" मी म्हणालो, "गुणवंता." अर्थातच तिला काही कळले नाही. परंतु ते दुसरे काही नव्हतेच. तीन मथळ्यांखाली एकच चूक, तसेच दोन नावांखाली एकच यंत्र. फरक इतकाच, की माझी खूण त्या तीन कागदांपुरती होती आणि ती मी गिळून टाकताच नाहीशी झाली. यंत्राने ठेवलेली खूण मात्र कोणा एका शिक्षकाच्या भिडेवर अवलंबून नव्हती. ती तशीच पडून राहिली, आणि दूरच्या कचेरीतल्या, बडे बाबूंच्या मुलींची लग्ने ठाऊक नसलेल्या लेखापरीक्षकाला ती वाचता आली.

म्हणून पारदर्शकता या शब्दाविषयी आपण जरा सावध असावे असे मला वाटते. काच स्वच्छ असली म्हणजे पलीकडचे दिसते. पण दिसण्यासाठी कोणी तरी काचेशी उभे राहावे लागते. दक्षिण कोरियाने २००२ साली सगळ्या देशाची सरकारी खरेदी एका संगणकीय यंत्रणेवर आणली. तेवढ्यावर न थांबता २००६ पासून तिथल्या व्यापार आयोगाने या निविदांतील आकडे चाळून संगनमताचा वास काढणारी वेगळी यंत्रणा चालू केली. दर भरणारे किती होते, जिंकलेला दर सरकारी अंदाजाच्या किती जवळ होता, हरलेल्यांचे दर कसे होते, यांवरून ती संशयाचे गुण देते. माणसाच्या नजरेला हजारो कागदांतून जे दिसले नसते, ते ती वेगळे काढून माणसापुढे ठेवते. पुढची चौकशी माणसानेच करायची.

युक्रेन देशात तर हे काम नागरिकांनीच अंगावर घेतले. २०१४ च्या राज्यक्रांतीनंतर तिथल्या काही कार्यकर्त्यांनी आणि सरकारातल्या सुधारकांनी मिळून 'प्रोझोरो' नावाची यंत्रणा उभी केली. नावाचा अर्थच पारदर्शक. २०१६ पासून ती सरकारी खरेदीला सक्तीची झाली. कोणी किती दर भरला हे लिलाव आटोपताच कोणालाही पाहता यावे, असा तिचा दंडक. पण युद्ध सुरू झाल्यावर सैन्याच्या खरेदीवर गोपनीयतेचा पडदा पडला. जानेवारी २०२३ मध्ये एका पत्रकाराने उघडकीस आणले की, सैनिकांच्या भोजनासाठी अंडी नगास १७ रिव्निया दराने करारात धरली आहेत. दुकानात तेव्हा ती साधारण सात रिव्नियांना मिळत होती. केवढा गहजब उडाला! युद्धात शस्त्राची किंमत कोणाला कळणार? पण अंड्याची किंमत प्रत्येक घरात कळते. त्यानंतर शस्त्रांखेरीज इतर लष्करी खरेदीचे दर प्रसिद्ध करण्याचा कायदा त्यांनी केला. युद्ध चालू असतानाच केला, हे विशेष.

आपल्याकडेही निविदांचे निकाल, कोणाला काम मिळाले आणि कितीला, हे सरकारी संकेतस्थळांवर बरेचसे पाहायला मिळते. पाहतो कोण? आपल्या गल्लीतला रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला म्हणून आपण तावातावाने बोलतो. पण तो कितीला दिला होता आणि त्यासाठी किती जणांनी दर भरले होते, हे मी स्वतः परवापरवापर्यंत कधी पाहिले नव्हते.

शिवाय यंत्राच्या दृष्टीला दोन ठिकाणी अंधार आहे, आणि जुने जाणते लोक नेमके तिथेच जाऊन बसले आहेत. पहिले ठिकाण निविदेच्या आधीचे. वस्तूचे वर्णन आणि अटी माणूसच लिहितो. वधूवरांच्या जाहिरातीत एखाद्याने लिहावे, 'मुलगा इंदूरचा, वडिलांचे सराफ्यात दुकान, उंची पाच फूट सात इंच, डाव्या गालावर तीळ हवा', आणि मग म्हणावे, जाहिरात सर्वांसाठी खुली होती! तसल्या अटी निविदांत घालता येतात. अमुक इतकी वर्षे, अमुक इतकी उलाढाल, अमुकच मापाचा भाग. यंत्र त्या अटी इमानाने पाळते आणि सगळे नियमाने पार पडते. काही ठिकाणी मोठ्या खरेदीला बोली लावावी लागू नये म्हणून तिचे तुकडे करून लहान लहान खरेदी दाखवितात. ही युक्ती कागदाच्या काळातलीच, यंत्रावरही चालते.

दुसरा अंधार निविदेनंतरचा. काम दिले गेले, पुढे त्याचे मोजमाप आणि देयक. बेळगावकडच्या वाचकांना आठवत असेल, जुलै २०२१ मध्ये कर्नाटकातल्या कंत्राटदारांच्या संघटनेने थेट पंतप्रधानांना पत्र लिहून चाळीस टक्क्यांपर्यंत टक्केवारी द्यावी लागते असा आरोप केला होता. आरोप तो आरोपच. त्याच्या खरेखोटेपणाचा निवाडा मी देत नाही. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते राज्य संगणकीय निविदांत देशात पुढे असलेल्यांपैकी एक. निविदा संगणकावर उघडपणे होऊनही टक्केवारीची तक्रार येऊ शकते, कारण टक्केवारी मागायला निविदेची खोली लागत नाही. देयकावरची सही अडविली म्हणजे पुरे होते. आणि ज्याने चाळीस रुपये दुसरीकडे दिले, तो उरलेल्या साठांत जाडजूड पत्रा कुठून आणणार?

ही सही आता माझ्याकडे आहे. २०२४ च्या जुलैमध्ये आमच्या शाळेसाठी चाळीस बाके आली. खरेदी वरच्या कचेरीने सरकारी ई-बाजारपेठेतून केलेली, पुरवठादार परराज्यातला. माल स्वीकारणारा म्हणून नाव मुख्याध्यापकाचे. माल पोचल्यापासून दहा दिवसांच्या आत तो स्वीकारला की नाकारला हे संगणकावर नोंदवावे लागते. बाके दिसायला देखणी होती, तकतकीत. वर्णनात लाकडी फळीची जाडी १८ मिलिमीटर दिलेली होती. आठवीतला एक मुलगा कंपासपेटीतली पट्टी घेऊन आला आणि त्याने एका बाकाच्या कडेला ती लावली. "सर, बारा आहे." मी दुसऱ्या बाकाला लावायला सांगितले. बारा. आम्ही दोघांनी मिळून चाळीसही बाके मोजली.

आमचे लिपिक आता तरुण आहेत, संगणकात तरबेज. ते म्हणाले, "सर, सगळे काही सिस्टिमवर बरोबर आहे. दर सर्वांत कमी आहे." तीच भाषा, फक्त कागदाच्या जागी सिस्टिम आली होती. दुपारी पुरवठादाराच्या माणसाचा फोन आला. तो उद्धट नव्हता, उलट फार अदबीने बोलत होता. त्याने एवढेच सांगितले की, हाच माल इतर शाळांना दिला आहे, सगळ्यांनी पावती दिली, हरकत फक्त आपल्याच शाळेची आहे. हे ऐकून मला जो राग यायला हवा होता तो आला नाही, भीती वाटली. सगळ्यांनी दिली आणि आपण देत नाही, म्हणजे आपलेच काही चुकते आहे की काय, असे क्षणभर वाटले. त्या शाळांतही माझ्यासारखेच कोणी तरी असेल, ज्यांच्याकडे पट्टी होती.

मी संगणकावर 'नाकारला' अशी नोंद केली आणि कारण लिहिले. मिलिमीटरसह लिहिले. त्या नोंदीवर दिवस आणि वेळ आपोआप उमटली, तेव्हा १९९८ मध्ये अशी एखादी जागा असती तर मी लिहिले असते का, हा प्रश्न मनात आला. उत्तर मला ठाऊक आहे, ते इथे सांगण्याजोगे नाही.

पुढचे दिवस सोपे नव्हते. जुनी बाके मोडीत काढून झाली होती, म्हणून सहावी-सातवीची मुले सतरंज्यांवर बसली. त्रैमासिक परीक्षा त्यांनी मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहिली. एक पालक भेटायला आले. हातावर पोट असलेला माणूस, मोठ्या कष्टाने रजा काढून आलेला. म्हणाले, "गुरुजी, सहा मिलिमीटर म्हणजे किती हो?" मी बोटांच्या चिमटीने दाखविले. त्यांनी त्या चिमटीकडे पाहिले, सतरंजीवर बसलेल्या मुलीकडे पाहिले, आणि नमस्कार करून गेले. त्यांना मी कोणते उत्तर द्यायला हवे होते, ते मला अजून सापडलेले नाही.

दिवाळीनंतर बदली माल आला. त्याच मुलाने पुन्हा पट्टी लावली. छत्तीस बाके अठराची निघाली, चार बाराचीच होती. छत्तीस स्वीकारली, चार नाकारली, तशी नोंद केली. ती चार बाके नेण्यास अद्याप कोणी आलेले नाही. साठा नोंदवहीत ती चढविता येत नाहीत, कारण ती आमची नाहीत. फेकताही येत नाहीत. व्हरांड्याच्या टोकाला एकावर एक रचून ठेवली आहेत. मधल्या सुट्टीत मुले त्यांवर चढून बसतात, आणि बडे बाबूंच्या जागी बसलेले आमचे तरुण लिपिक खिडकीतून त्यांना ओरडतात, "उतरा रे, मोडेल ते!"